पासपोर्ट कोणाच्या पिशवीत?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उमराह करून आलो, हे या सदराच्या बऱ्याच वाचकांना आतापर्यंत कळलं आहे. ज्यांच्यापर्यंत खजूर आणि झमझम पोचलं नाही त्यांची माफी मागतो. माणशी पाच लिटरची एकच बाटली आणता येते आणि आमचा मोहल्ला मोठा आहे. मक्का-मदिनेबद्दल लिहा, असं अनेकांनी सुचवलं. तिथलं लिहायला आमच्यापेक्षा लायक माणसं आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते मुंबईच्या विमानतळावरच्या दोन तासांबद्दल, कारण ते दोन तास आम्हाला अजून पचलेले नाहीत.

आधी एक खुलासा. या सदरात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो. जुनी मास्तरकी सवय आहे. हे लिहायला बसलो तेव्हा बेगम शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्या या 'आम्ही'त मी कधी असते आणि कधी नसते, तेही एकदा लिहून टाका." तर लिहितो. जिथं चूक झाली आहे तिथं आम्ही म्हणजे एकटे आम्ही.

आपल्या शहराला चिकलठाण्याचं विमानतळ आहे. २०२३ साली देशातल्या ज्या पंचवीस ठिकाणांहून हाजींना रवाना होता येणार होतं, त्यांत औरंगाबादचंही नाव होतं. पण उमराहला जाणाऱ्याला मुंबई किंवा हैदराबाद गाठावंच लागतं. आम्ही दुपारची तपोवन धरली, दादरला उतरलो, कुर्ल्याला साडूंच्या घरी आंघोळी केल्या, एहराम बांधला आणि रात्री साडेबाराला सहारच्या दोन नंबर टर्मिनलवर पोचलो. विमान पहाटे चार पंचवीसचं. वेळ भरपूर होता. आम्हाला वेळेआधी पोचण्याचा अभिमान आहे. शाळेतही प्रार्थनेच्या घंटेआधी वीस मिनिटं हजर असतो.

घर सोडतानाचा सोहळा सांगायला हवा. कटकट गेटच्या आमच्या गल्लीत कोणी उमराहला निघालं तर अजूनही हार घालतात. जाफर गेटच्या मोंढ्यातल्या भुसार दुकानात काट्यावर बॅगा तोलून आणल्या होत्या, प्रत्येकी तेवीस किलोच्या आत. अम्मीनं आमच्या दंडाला इमाम जामिन बांधलं. हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर सोडून खैरात करायचं. ही प्रथा दीनमध्ये नाही, असं आमच्या ओळखीचे मौलाना सांगतात. ते बरोबर असतील. पण शहात्तर वर्षांच्या आईचे हात गाठ मारताना थरथरत असतील तेव्हा मसला काढायचा नसतो, असं आमचं मत आहे. (त्या नाण्यामुळे सुरक्षा तपासणीत यंत्र टीं टीं वाजलं आणि एहरामवरची चादर बाजूला करून दंड दाखवावा लागला, ते पुढचं.)

आता पिशवीचं. एहरामला खिसा नसतो. म्हणून पुरुष कमरेला पट्टा बांधतात, त्याला दोन-तीन चेनचे खिसे असतात. आमच्या पट्ट्यात दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटं, दोघांचे व्हिसाचे कागद, सगळे रियाल आणि बँकेचं कार्ड. बेगमचा मोबाईल आमच्या खांद्यावरच्या झोळीत पॉवरबँकला लावलेला. तिच्या हातात तसबीह, पाण्याची बाटली आणि चार बॅगांची राखण. आम्हाला हे इतकं नैसर्गिक वाटत होतं की त्यात वेगळं काही आहे हेच दिसलं नाही. आमचे दादा-दादी अकबर जहाजानं हजला गेले होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग साधारण आठवडाभर समुद्र, मग जेद्दा. त्या काळी हाजींना पिलग्रिम पास मिळे. दादीचा पास दादांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात होता, ही गोष्ट घरात प्रेमानं सांगितली जायची. जहाजं १९९५ नंतर बंद झाली, शेरवानी गेली, खिसा मात्र राहिला.

सव्वा वाजता आमचा नंबर आला. काउंटरवर मराठी मुलगी होती. तिनं आमचे कागद पाहिले, ठीक. बेगमचे पाहिले आणि पुन्हा पाहिले. मग पासपोर्ट आमच्याकडे वळवून विचारलं, "सर, हा एक आहे ना? व्हिसावर सात आहे."

पासपोर्टच्या नंबरात एक अक्षर आणि सात आकडे असतात. सातांपैकी एक आकडा चुकला होता. व्हिसा ज्या नंबरच्या पासपोर्टावर होता तो पासपोर्ट बेगमकडे नव्हता. असा प्रवासी विमान कंपनी नेऊ शकत नाही. नेला तर तिकडे उतरूच देत नाहीत आणि परत आणायचा भार कंपनीवर पडतो. मुलगी हे सगळं अदबीनं बोलली. काउंटर तीन पंचवीसला बंद होईल, हेही सांगितलं.

चूक कोणाची? एजंटच्या कार्यालयात अर्ज हातानं भरून द्यायचा होता. तिथल्या मुलानं तो पासपोर्टच्या झेरॉक्सशी ताडून पाहायला हवा होता, हे खरं. पण अर्जावर अक्षर आमचं होतं. इंग्रजी एकाच्या डोक्यावर शेंडी काढायची आम्हाला लहानपणापासून खोड आहे. शेंडी जरा लांबली की एकाचा सात होतो. वीस वर्षं आम्ही मुलांच्या वह्यांवर 'अक्षर सुधारा' असा लाल शाईचा शेरा मारत आलो आहोत. व्हिसा व्हॉट्सॲपवर आला त्या दिवशी फोटो आणि नाव पाहून आम्ही तो माशाअल्लाह म्हणत सगळ्या नातेवाइकांना पाठवलाही. बेगमनं तेव्हा विचारलं होतं, "नंबर बघितले का?" आम्ही म्हणालो, "हो." तिला स्वतः पाहता आले असते, तर तिनं पाहिले असते. शिवणाच्या क्लासचा हिशेब ती रुपया न चुकता ठेवते. पण पासपोर्ट आमच्या कपाटात, फाइलमध्ये, किल्लीखाली होते.

आपल्या घरांमधल्या कागदांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. एकाच बाईचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, निकाहनाम्यावर दुसरं, आधारवर तिसरं. कुठं 'बी' लागलेलं, कुठं 'बेगम', कुठं नवऱ्याचं नाव, कुठं वडिलांचं. शेखची इंग्रजी स्पेलिंगं तर मोजू नयेत. काहींच्या पासपोर्टवर एकच नाव असतं, आडनावाची जागा रिकामी. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीनं अशा एकल नावाच्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश द्यायचं बंद केलं, तेव्हा दुबईला मुलांकडे निघालेल्या किती तरी आईबापांची धांदल उडाली. त्यात आता पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद आणि नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. हे सगळं निघण्याच्या दोन महिने आधी जेवणाच्या दस्तरखानवर मांडून दोघांनी मिळून बघायचं काम आहे. अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ताडायचं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे का, तेही त्याच बैठकीत.

तर सव्वा वाजले होते. एजंटचा माणूस टर्मिनलच्या बाहेर उभा होता, कारण तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. आमच्या गटातले बाकीचे तीस जण रांगेत पुढे सरकत होते. आम्ही बेगमला म्हणालो, "तुम यहीं बैठो, मैं देखता." काय झालंय ते धड सांगितलंसुद्धा नाही. तिनं विचारलं तर "तुला नाही कळणार, आधीच डोकं फिरलंय" असं म्हणालो. एहरामच्या दोन चादरी सावरत दाराकडे धावलो. दारावरच्या जवानानं बजावलं की बाहेर गेलात तर परत येताना तिकीट आणि पासपोर्ट दाखवावा लागेल. आम्ही मान डोलावली. त्या वेळी त्यानं काहीही सांगितलं असतं तरी डोलावली असती.

बाहेर एजंटच्या माणसानं मालकाला उठवलं, मालकानं मक्केतल्या त्यांच्या कंपनीला फोन लावला. इथं एक गोष्ट आमच्या मदतीला आली. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे रात्रीचा दीड म्हणजे तिकडे अकरा, आणि तिकडची बरीच कामं इशानंतरच रंगात येतात. तिकडून निरोप आला, पासपोर्टचं पहिलं पान स्वच्छ स्कॅन करून पाठवा, नवीन व्हिसा काढायचा प्रयत्न करतो. मोबाईलच्या फोटोवर दिव्यांची चकाकी येत होती. म्हणून एजंटच्या माणसानं आमच्याकडून पट्ट्यातली प्लॅस्टिकची पिशवीच घेतली आणि गाडी काढून स्कॅनरच्या शोधात गेला. त्या पिशवीत दोन्ही पासपोर्ट होते. तो गेल्यावर आमच्या लक्षात आलं की आता आमच्याजवळ आत शिरायला काहीच नाही.

जवान बरोबरच होता. ओळखपत्र नाही, प्रवेश नाही. काचेतून आतली गर्दी दिसत होती, बेगम बसली होती तो कोपरा दिसत नव्हता. तिला फोन करावा म्हणून झोळीत हात घातला तर तिचा मोबाईल आमच्याच हाताला लागला. बावीस टक्के चार्ज झाला होता.

तेवढ्यात एजंटच्या मालकाचा फोन आला. त्याचं म्हणणं साधं होतं. "सर, तुमचा व्हिसा ठीक आहे. तुम्ही गटाबरोबर निघा. भाभींचं नाही झालं तर दोन दिवसांनी दुसरा गट आहे, त्यांच्याबरोबर पाठवतो. दोघांची तिकिटं कशाला बुडवता?"

आम्ही "नाही" म्हटलं नाही. आम्ही "बघू" म्हटलं. रजेची मंजुरी, भरलेले पैसे, गल्लीतले हार, शाळेत वाटायचे खजूर, सगळं त्या 'बघू'मध्ये होतं. फोन ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं आम्ही खरंच हिशेब करत होतो. ती कुर्ल्याला बहिणीकडे राहील, साडू तिला घ्यायला येतील, आणि आम्ही एकटे तवाफ केला तर कोणी काही म्हणणार नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आत काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. बेगमनं अर्धा तास वाट पाहिली. मग एका रत्नागिरीच्या बाईंकडून मोबाईल मागून घेतला आणि आमचा नंबर लावायला गेली, तर नंबर आठवेना. माहेरचा बंद पडलेला लँडलाइन नंबर तिला आजही तोंडपाठ आहे, पण आमचा नंबर तिच्या फोनमध्ये 'ये' या नावानं जपलेला असतो, बोटानं दाबायचा. विमानतळाच्या एका कर्मचाऱ्यानं तिला पासपोर्ट विचारला. "उनके पास." तिकीट? "उनके पास." मग ते कुठं आहेत? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मग ती उठली. बॅगांची गाडी ढकलत त्याच काउंटरवर गेली आणि त्या मुलीला म्हणाली, मला नीट समजावून सांगा काय झालंय. जे आम्ही सांगितलं नव्हतं ते त्या मुलीनं पाच मिनिटांत सांगितलं. काउंटर किती वाजता बंद होतो ते बेगमनं एका कागदावर लिहून घेतलं. "बाकी सगळं तयार ठेवते, फक्त व्हिसा यायचा राहू दे," असं म्हणून बॅगा काट्यावर ठेवून पाहिल्या. एकीत अडीच किलो जास्त निघाले, मोंढ्याचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं जमलं नाही. ती तिथंच जमिनीवर बसून सामान इकडचं तिकडे करू लागली. रत्नागिरीच्या बाई मदतीला आल्या आणि मसाल्याचा डबा पाहून दचकल्या. "यात खसखस तर नाही ना?" होती. सालनाच्या मसाल्यात आपल्याकडे खसखस असतेच. खसखशीला सौदीत आणि अमिरातीत सक्त मनाई आहे, तिकडे ती अमली पदार्थांत गणली जाते, आणि नकळत नेलेल्या लोकांनाही तुरुंग पाहावा लागला आहे. हज कमिटीच्या सूचनांतही खसखस नेऊ नका असं सांगितलेलं असतं. आम्ही त्या सूचना वाचल्या होत्या. मसाल्यात काय काय पडतं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना आम्ही सूचना दाखवल्या नव्हत्या. बेगमनं दीड किलोचा डबा कचऱ्यात उपडा केला. दोन दिवस भाजून-कुटून केलेला मसाला होता तो.

दोन बावन्नला नवा व्हिसा मोबाईलवर आला. पासपोर्टवाली गाडी त्याच्या पाच मिनिटं आधी परतली होती. आम्ही आत धावलो तेव्हा बेगम काउंटरच्या बाजूला उभी होती, बॅगांना पट्टे लावलेले, हातात वेळेची चिठ्ठी. आम्हाला वाटलं ती रडेल. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अठ्ठावीस मिनटाँ बाकी हैं, लाओ." पुढचं सगळं धावपळीत पार पडलं. इमिग्रेशन, ते नाणं, लांबच लांब चालणं. विमानात बसल्यावर आम्ही एजंटवर, अर्जावर, कंपनीवर चिडून बोलू लागलो तेव्हा ती एवढंच म्हणाली की एहरामच्या नीयतनंतर भांडण मना आहे. मीकात यायला अजून वेळ आहे, नीयत झालेली नाही, असा मुद्दा आमच्या मनात आला होता. तो आम्ही मनातच ठेवला.

उमराह झाला, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही डोकं भादरून हॉटेलात परतलो. बेगमनं चहा केला, विजेची किटली तिनं घरून आणली होती. कप हातात देताना विचारलं, "मालक फोनवर बोलला होता ना, तुम्ही एकटे चला म्हणून? गटातल्या खालाजान सांगत होत्या. तुम्ही काय उत्तर दिलं?"

"बघू म्हणालो."

"किती वेळ बघितलं?"

"दोन-तीन मिनिटं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. खाली रस्त्यावरून फजरच्या नमाजला जाणाऱ्या लोकांची रीघ चालली होती. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, जा म्हणून. पण मला विचारायला आत यायला हवं होतं, आणि आत यायचा कागद तुमच्याकडे नव्हता. माझा माझ्याकडे असता तर मीच बाहेर आले असते."

यावर आमच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. २०१८ पासून आपल्याकडच्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना चार किंवा अधिक जणींच्या गटात मेहरमशिवाय हजला जाता येऊ लागलं. २०२३ साली अशा चार हजारांहून अधिक बायका गेल्या. त्यावर वाद झाले, अजून होतात, आणि आम्हीही स्टाफरूममध्ये त्या बायकांच्या बाजूनं हिरिरीनं बोललो आहोत. त्या चार हजार जणींचे पासपोर्ट त्यांच्या त्यांच्याकडेच असणार, हे बोलताना आमच्या घरातली किल्ली आम्हाला आठवली नव्हती.

मक्केतच एका दुकानात तिनं गळ्यात अडकवायची कापडी पिशवी घेतली, दहा रियालला. घासाघीस करून आठला. त्यात तिचा पासपोर्ट, तिच्या व्हिसाची प्रत, हॉटेलचं कार्ड, शंभर रियाल आणि एका कागदावर आमचा नंबर. नंबर तिनं पाठही केला. मदिनेला जाताना बसमध्ये तिनं आमची परीक्षा घेतली, तिचा नंबर आम्हाला येतो का. शेवटचे तीन आकडे आले नाहीत.

परतीच्या वेळी जेद्दाच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं आमच्यापुढे हात केला आणि सवयीनं म्हणाला, "बोथ पासपोर्ट्स." आम्ही एकच पुढे केला. त्यानं मान वर करून पाहिलं. बेगमनं पिशवीची चेन उघडली.

घरी आल्यावर अम्मीनं दंडावरची गाठ सोडली, नाणं गल्लीतल्या एका गरजू मुलाच्या हातात गेलं. बॅगा रिकाम्या झाल्या. आमचा पासपोर्ट पुन्हा फाइलीत गेला. तिचा तिच्या शिवणाच्या मशीनच्या खणात आहे, कात्र्या आणि बॉबिनांच्या मागे. तो खण ती कुलूप लावून ठेवते. हा मजकूर लिहिताना त्या चुकलेल्या आकड्याची खात्री करावी म्हणून आम्ही किल्ली मागितली. "कशाला?" असं विचारून, उत्तर ऐकून घेऊन, मग तिनं दिली.